पहिल्या ‘हॅलो’तच निरोप

मोबाईलवर बोलण्याचे पैसे मिनिटाच्या हिशेबाने मोजावे लागत, त्या काळात आपल्याकडे निरोपाची एक फुकट पद्धत रूढ झाली होती. मुलगा परगावी शिकायला निघाला की घरचे सांगत, ‘पोहोचलास की मिस कॉल दे.’ मुलगा पोहोचून फोन लावी, घरी दोनदा घंटा वाजे, आणि कोणी उचलण्याआधीच तो फोन ठेवी. संभाषण शून्य सेकंदांचे, बिलही शून्य, पण निरोप पोहोचलेला. फोन कंपनीच्या दृष्टीने जोडणी झालीच नव्हती. पण जोडणी करण्याच्या खटाटोपातच निरोप गेला होता.

संगणकांच्या जाळ्यात हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे चर्चेत आहे. दोन संगणकांमध्ये जोडणी होत असतानाच, म्हणजे ‘हॅलो’ म्हणतानाच, कामाची माहिती पाठवता येईल का? उत्तर ‘येईल’ असे आहे. पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत बऱ्याच आज्ञावलीकारांच्याही नीट लक्षात येत नाही. ती किंमत कोणती, हे या लेखात पाहू.

उदाहरणासाठी गोरेगाव घेऊ. मुंबईचे उपनगर नव्हे. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे ते. समजा, तेथील एका विद्यार्थिनीने मोबाईलवरून आपला निकाल मागवला आणि निकाल ठेवलेला संगणक, म्हणजे सर्व्हर, मुंबईत आहे. तिने बोट टेकवताच ‘माझा निकाल दे’ ही मागणी लगेच मुंबईकडे धावते असा आपला समज असतो. तसे होत नाही. आधी दोन्ही संगणक एकमेकांची ओळख करून घेतात. टीसीपी नावाच्या नियमावलीत या ओळखीला ‘त्रिपदी हस्तांदोलन’ म्हणता येईल. मोबाईल म्हणतो, ‘मला बोलायचे आहे, माझे मोजमाप १०० पासून सुरू.’ सर्व्हर म्हणतो, ‘समजले, तुझ्या १०१ ची वाट पाहतो, माझे मोजमाप ५०० पासून.’ मोबाईल पुन्हा म्हणतो, ‘समजले, ५०१ ची वाट पाहतो.’ एवढे झाल्यावर खरी मागणी निघते. एक जाणे आणि एक येणे मिळून आपण ‘एक फेरी’ म्हणू. म्हणजे टीसीपीची ओळख करून घेण्यात एक फेरी रिकामी जाते.

हा शिष्टाचार कशासाठी? जाळ्यात माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेटे, वेगवेगळ्या वाटांनी जातात. एखादे वाटेत अडकते. पाठवणारा वाट पाहून त्याची दुसरी प्रत पाठवतो, आणि मग अडकलेले पहिलेही उशिरा जाऊन धडकते. दहा दिवस हरवलेले पत्र उत्तर मिळून गेल्यावर दारात यावे, तसे. नुसत्या पॅकेटकडे पाहून ते ताजे की शिळे हे सर्व्हरला कळत नाही. म्हणून प्रत्येक जोडणीला नवा आरंभ-क्रमांक द्यायचा आणि तो दोन्ही बाजूंनी एकमेकांना बोलून दाखवायचा. आरंभ-क्रमांक कसे निवडावेत याचा पद्धतशीर विचार रे टॉमलिन्सन यांनी १९७५ मध्ये मांडला. ई-मेलच्या पत्त्यात ‘@’ हे चिन्ह आणणारे टॉमलिन्सन ते हेच.

टीसीपीचा जो आराखडा सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हा क्रमांक ३२ बिटांचा आहे आणि तो एका घड्याळावरून घ्यावा असे सुचवले होते. घड्याळ दर ४ मायक्रोसेकंदांना एकाने पुढे सरकते. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्याला ४ मायक्रोसेकंदांनी गुणले तर सुमारे १७,१८० सेकंद, म्हणजे पावणेपाच तास होतात. तोपर्यंत तोच क्रमांक पुन्हा येत नाही, आणि शिळे पॅकेट जाळ्यात इतका वेळ जिवंत राहत नाही. (हा हिशेब अकरावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. घातांकाचा असा उपयोग पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.)

आता वेळेचा हिशेब. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, निर्वात पोकळीतील वेगाच्या दोन-तृतीयांश. गोरेगाव ते मुंबई केबलचा मार्ग ६०० किलोमीटर धरला तर जाण्यास ३ मिलिसेकंद आणि पूर्ण फेरीस ६ मिलिसेकंद लागतात. सर्व्हर परदेशात असेल आणि केबलचा मार्ग १५,००० किलोमीटरचा असेल, तर फेरीस १५० मिलिसेकंद. संदेश भूस्थिर उपग्रहावरून जात असेल तर गोष्टच वेगळी. उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंदाच्या जवळपास आणि फेरीस अर्धा सेकंद. १९८० च्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी कार्यालये जोडणारे निकनेट हे उपग्रहावरच उभे होते. तेव्हा गोरेगाव परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. मोबाईलच्या बाबतीत टॉवरकडून आपली पाळी येण्याची वाट पाहणे, रेंज अपुरी असल्यास तोच तुकडा पुन्हा पाठवणे, हे सगळे यात आणखी मिळवावे लागते.

६ मिलिसेकंदांची पर्वा कोण करतो, असे कोणी विचारील. पूर्वी खरोखरच कोणी करत नव्हते, आणि त्याचे कारण मजेशीर आहे. भारतात शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारे अर्नेट हे जाळे १९८६ च्या सुमारास सुरू झाले. १९८६-८७ मध्ये मुंबईतच जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली. पुढे जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात अर्नेटची पहिली भाड्याची तार आली. तिची क्षमता होती सेकंदाला ९,६०० बिट. टीसीपीचे रिकामे पॅकेटही किमान ४० बाइटचे, म्हणजे ३२० बिटांचे असते. ते त्या तारेत नुसते ढकलायलाच ३३ मिलिसेकंद लागत. दिल्ली–मुंबई हे १,४०० किलोमीटरचे अंतर प्रकाश काचेतून ७ मिलिसेकंदांत तोडतो. म्हणजे खरा वेळ जात होता तो अरुंद दारातून माल बाहेर काढण्यात. रस्ता त्या मानाने जवळचाच होता. आज सेकंदाला १० कोटी बिट वाहणारी जोडणी घरोघरी मिळते. दार दहा हजार पटींनी रुंद झाले. ३३ मिलिसेकंदांचे ३ मायक्रोसेकंद झाले. रस्त्याचे ७ मिलिसेकंद मात्र तेवढेच आहेत आणि तेवढेच राहणार, कारण तेथे प्रकाशाचा वेग आडवा येतो. जाळे जितके वेगवान होत जाते, तितक्या रिकाम्या फेऱ्या अधिक महाग वाटू लागतात.

आणि फेरी एकच असती तरी चालले असते. निकाल, बँक, रेल्वेचे आरक्षण ही सगळी माहिती आता कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात जाते. त्यासाठी टीसीपीच्या ओळखीनंतर टीएलएस नावाचे दुसरे हस्तांदोलन करावे लागते; त्यात दोन्ही बाजू गुप्त किल्ली ठरवतात. २००८ च्या टीएलएस १.२ मध्ये त्याला दोन फेऱ्या लागत. म्हणजे एकूण तीन फेऱ्या रिकाम्या, आणि चौथ्या फेरीत ‘माझा निकाल दे’. परदेशी सर्व्हरच्या बाबतीत सुमारे अर्धा सेकंद आणि भूस्थिर उपग्रहाच्या बाबतीत दीड सेकंद निव्वळ नमस्कार-चमत्कारात गेला! एकेक पान उघडताना अशा अनेक जोडण्या होतात, हे वेगळेच.

मग पहिल्या नमस्काराबरोबरच मागणी का पाठवू नये? येथे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातातील साधनांकडे वळू. जाळ्याशी बोलण्याचे काम प्रत्येक जण मुळापासून लिहीत नाही. तयार आज्ञावल्यांचा संग्रह, म्हणजे लायब्ररी, वापरतो. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सबरोबर ‘सॉकेट’ नावाचा असा संग्रह आला आणि त्याचा साचा आजतागायत टिकून आहे. त्यात ‘कनेक्ट’ ही एक आज्ञा आणि ‘सेंड’ ही दुसरी. ‘कनेक्ट’ला फक्त पत्ता द्यायचा, माहिती द्यायला तिच्यात जागाच नाही. जोडणी पुरी झाली की मग ‘सेंड’. म्हणजे ‘आधी ओळख, मग काम’ हा शिष्टाचार लायब्ररीच्या रचनेतच कोरलेला आहे. गंमत अशी की १९८१ च्या टीसीपी आराखड्यात पहिल्या पॅकेटबरोबर माहिती पाठवण्यास बंदी नव्हती. अट एवढीच, की सर्व्हरने ती राखून ठेवावी आणि हस्तांदोलन पुरे झाल्याशिवाय वरच्या आज्ञावलीच्या हाती देऊ नये. पॅकेट शिळे निघाले तर? अट वाजवी होती, पण तिच्यामुळे फेरी काही वाचत नव्हती.

ही अट सैल करण्याचा एक प्रयत्न १९९४ मध्ये बॉब ब्रेडन यांनी केला. त्याचे नाव टी/टीसीपी. त्यात जोडण्यांचा चढता क्रमांक वापरून ताजे-शिळे ओळखले जाई आणि हस्तांदोलन टाळले जाई. पण क्रमांकाचा अंदाज बांधून, पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता घालून कोणीही सर्व्हरला कामाला लावू शकतो, हे लक्षात आले आणि ती योजना मागे पडली. दाराशी न येता परस्पर दुसऱ्याच्या नावाने किराणा मागवण्यासारखे ते होते.

डिसेंबर २०१४ मध्ये नियमबद्ध झालेल्या ‘टीसीपी फास्ट ओपन’ने यावर तोडगा काढला. पहिल्या भेटीत नेहमीचे हस्तांदोलन करायचे. त्यात सर्व्हर मोबाईलच्या पत्त्यावरून तयार केलेली एक सांकेतिक चिठ्ठी देतो. पुढच्या खेपेस मोबाईल पहिल्याच पॅकेटात चिठ्ठी आणि मागणी दोन्ही पाठवतो. चिठ्ठी खरी असेल तर पत्ताही खरा, म्हणून सर्व्हर लगेच काम सुरू करतो. लिनक्समध्ये ही सोय २०१२ पासूनच येऊ लागली होती. तेथे आधी ‘कनेक्ट’ वगळून थेट पाठवण्याच्या आज्ञेलाच पत्ता आणि माहिती एकत्र द्यावी लागे. जुन्या आज्ञावल्या बदलायला कोणी तयार होईना, तेव्हा २०१७ मध्ये आणखी एक युक्ती आली. ‘कनेक्ट’ म्हटले की ती काहीच न करता ‘झाले’ असे सांगते आणि पहिली माहिती हाती येईपर्यंत पहिले पॅकेट रोखून धरते. लायब्ररीने आज्ञावलीकाराशी असे खोटे बोलावे का, हा वादाचा विषय आहे. मला स्वतःला ते पटत नाही. पुढे वाटेतली काही यंत्रे असली अनोळखी पॅकेटे गिळून टाकतात असे दिसले, आणि मोठ्या ब्राउझरांनी फास्ट ओपनचा नाद सोडला.

त्यांनी दुसरी वाट धरली. ऑगस्ट २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये कुलपाचे हस्तांदोलन दोन फेऱ्यांवरून एका फेरीवर आले. शिवाय आधी भेट झालेली असेल तर मोबाईलजवळ त्या भेटीचे एक तिकीट असते, ते जास्तीत जास्त सात दिवस चालते. तिकिटाबरोबरच्या किल्लीने मागणी कुलूपबंद करून ती टीएलएसच्या पहिल्याच संदेशाबरोबर पाठवता येते. याला ‘शून्य-फेरी’ म्हणतात. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या नियमावलीने तर टीसीपीलाच रजा देऊन दोन्ही हस्तांदोलने एकात गुंडाळली. त्यामुळे परतभेटीत मागणी खरोखरच पहिल्या पॅकेटातून जाऊ शकते. मिस कॉलच म्हणा ना!

आता किंमत. समजा, वाटेत बसलेल्या कोणी या पहिल्या पॅकेटाची हुबेहूब नक्कल करून ठेवली. आत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येणार नाही. कुलूप मजबूत आहे. पण तेच बंद पाकीट तो पुन्हा सर्व्हरकडे पाठवू शकतो. नेहमीच्या जोडणीत हे चालत नाही, कारण हस्तांदोलनात सर्व्हरने दर वेळी नवा, आधी न वापरलेला आकडा दिलेला असतो आणि जुने पाकीट त्याच्याशी जुळत नाही. शून्य-फेरीत सर्व्हरला बोलायची संधीच मिळालेली नसते. आपण जी फेरी वाचवली, तिनेच ताजेपणाची हमी मिळत होती.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. शेतातल्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवतात. रात्री वीज आली की घरूनच फोन लावायचा आणि मोटार सुरू करायची. समजा, स्टार्टरला मिळणारी आज्ञा ‘मोटार चालू कर’ अशी आहे. ती चुकून दोनदा पोहोचली तरी बिघडत नाही. चालू मोटार चालूच राहते. पण आज्ञा ‘आहे त्याच्या उलट कर’ अशी असेल तर? दुसऱ्या प्रतीने मोटार बंद पडेल, आणि सकाळी शेतकरी कोरड्या वाफ्यासमोर उभा असेल. कुलूप फुटले नाही, पासवर्ड चोरीला गेला नाही, फक्त एक खरा निरोप दोनदा पोहोचला.

म्हणून मागण्यांचे दोन प्रकार पाडावे लागतात. दोनदा केल्या तरी परिणाम एकदाच केल्यासारखा असतो त्या, आणि दोनदा केल्यास परिणाम दुप्पट किंवा उलट होतो त्या. गणितातही हे दिसते. एखाद्या संख्येला शून्याने गुणणे, किंवा तिचे निरपेक्ष मूल्य घेणे, कितीही वेळा केले तरी पहिल्या वेळेनंतर फरक पडत नाही. पाच मिळवणे किंवा चिन्ह बदलणे तसे नाही. पहिल्या जातीच्या मागण्याच शून्य-फेरीने पाठवाव्यात.

हे ठरवणार कोण? लायब्ररी ठरवू शकत नाही. तिच्या दृष्टीने ‘निकाल दाखव’ आणि ‘पाचशे रुपये पाठव’ दोन्ही नुसत्या बाइटांच्या माळा. अर्थ ठाऊक असतो तो आज्ञावलीकारालाच. म्हणूनच ‘ओपन-एसएसएल’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संग्रहाने सप्टेंबर २०१८ च्या १.१.१ आवृत्तीत ही सोय देताना नेहमीच्या लिहिण्या-वाचण्याच्या आज्ञांत ती मिसळली नाही. त्यासाठी ‘राइट अर्ली डेटा’ आणि ‘रीड अर्ली डेटा’ अशा वेगळ्या आज्ञा ठेवल्या. सर्व्हर किती प्रारंभिक माहिती स्वीकारील याची मर्यादा मुळात शून्य ठेवली. हवी असेल त्याने जाणीवपूर्वक वाढवावी. पाठवणाऱ्याला नंतर तीनपैकी एक उत्तर कळते: प्रारंभिक माहिती पाठवलीच नव्हती, स्वीकारली गेली, किंवा नाकारली गेली. नाकारली गेली असेल तर ती नेहमीच्या मार्गाने पुन्हा पाठवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. लायब्ररीची रचना कशी असावी याचा हा नमुना मला आवडतो. धोक्याचे हत्यार ती देते, पण म्यानातून स्वतः काढायला लावते.

सर्व्हरही काही काळजी घेऊ शकतो. एकदा वापरलेले तिकीट फाडून टाकावे, एसटीचा वाहक पूर्वी पंच करत असे तसे. एकच सर्व्हर असेल तर हे सोपे आहे. पण मोठ्या सेवांचे सर्व्हर मुंबईत, हैदराबादेत, परदेशात असे विखुरलेले असतात. मुंबईत पंच झालेले तिकीट हैदराबादेला कळेपर्यंत नक्कल तेथे पोहोचू शकते. ते टाळायचे तर हैदराबादने मुंबईला विचारून खात्री करायची, म्हणजे वाचवलेली फेरी तेथे खर्च करायची! मागणी धोक्याची वाटली तर ‘फार लवकर आलात’ असे सांगून ती परत पाठवण्याचीही सोय आहे. वेबच्या भाषेत या उत्तराचा क्रमांक ४२५. पैशांच्या व्यवहारांत आणखी खालच्या पातळीवर बंदोबस्त करतात. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाची नोंद आधीच असेल तर दुसरी प्रत बाजूला टाकली जाते. असा क्रमांक दिला की ‘पाचशे रुपये पाठव’ ही मागणीही पहिल्या जातीत येते.

हे सारे वर्गात, संगणकाशिवाय, करून दाखवता येते. एक विद्यार्थी व्हरांड्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला आणि मधे एक पोस्टमन. पोस्टमनने चालायचे, पळायचे नाही; त्याचा वेग म्हणजे प्रकाशाचा वेग. पहिल्या डावात तीन रिकाम्या फेऱ्या आणि मग मागणीची चिठ्ठी. घड्याळावर वेळ मोजावी. दुसऱ्या डावात मागणी पहिल्याच चिठ्ठीत. मग तिसऱ्या डावात पोस्टमनला गुपचूप सांगावे, की चिठ्ठीची एक प्रत खिशात ठेव आणि थोड्या वेळाने ती पुन्हा नेऊन दे. चिठ्ठ्यांवर ‘इंग्रजीचे गुण सांग’, ‘एक वही दे’, ‘खिडकी उघड’, ‘खिडकी उघडी असेल तर लाव, लावलेली असेल तर उघड’ अशा मागण्या असाव्यात. कोणत्या चिठ्ठ्या पहिल्या फेरीत पाठवायला हरकत नाही, हे मुलांनी ठरवायचे. त्यात ‘माझी हजेरी लाव’ ही एक चिठ्ठी जरूर घालावी. हजेरीपटावर त्या तारखेच्या चौकटीत खूण करायची असेल तर ती दोनदा केली तरी खूण एकच. महिन्याच्या हजर दिवसांची नुसती बेरीज ठेवायची असेल तर प्रत्येक प्रतीला एक दिवस वाढतो. चिठ्ठीवरचे शब्द दोन्हीकडे तेच. मुले यावर भांडतील; थोडा वेळ भांडू द्यावे आणि मग हजेरीपट उघडून दाखवावा.